फ्लेक्सवरचं मोकळं आभाळ

न्हावऱ्यात मी वाढदिवसाचे फ्लेक्स बनवतो. हात चित्रं काढायला शिवशिवतात, पण धंदा ओळखींवर चालतो. म्हणून शुभेच्छुकांचे फोटो मानाप्रमाणे बसवत राहतो. गेल्या वर्षी दौंडला माझ्या चित्रांचं प्रदर्शन ठरलं. निदान त्याचा फ्लेक्स तरी मनासारखा करायचा, म्हणून माझं एकच चित्र घेतलं आणि भोवती मोकळं आभाळ सोडलं. शेजारचे आप्पा बघून म्हणाले, "एवढी जागा रिकामी का रं? चार लोकांचे फोटू टाक, तवा लोक येत्याल." माझं डोकंच फिरलं. तरी लोक यावेत म्हणून एकेक फोटो टाकत गेलो. लोक आले, प्रदर्शनाच्या दारातल्या फ्लेक्सपाशी सेल्फी काढून बाहेरूनच परतले. त्यांचं तरी काय चुकलं? फ्लेक्सवर चित्र नव्हतंच. शेवटचा फोटो मावेना, तेव्हा मीच ते हटवलं होतं.