कबुतरं आणि प्रायव्हेट नंबर

मला कबुतरं कधीच आवडली नाहीत. पुण्यात ती आमच्या गॅलरीत घाण करून ठेवायची आणि आई झाडू घेऊन त्यांच्यामागे लागायची. पुढे मँचेस्टरला जाऊन मी पोटापाण्यासाठी कबुतरंच सांभाळीन असं कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण झालं तसंच. मी मानसशास्त्रात एम.ए. आणि नवरा नागपूरचा, लहान मुलांचा डॉक्टर, असे आम्ही दोघं तिथे गेलो. विद्यापीठाच्या एका तळघरातल्या प्रयोगशाळेत मला असिस्टंटची नोकरी लगेच लागली. त्याची लागायची होती.

माझं काम सांगायला सोपं होतं. सकाळी प्रत्येक पक्ष्याचं वजन करायचं, मग त्याला एका पेटीत सोडायचं. पेटीच्या भिंतीवर दोन गोल बटणं, खाली दाण्याचा कप्पा. डाव्या बटणावर चोच मारली की ते क्वचित तांबडं व्हायचं, बहुतेक वेळा हिरवं. तांबडं झालं की थोडं थांबल्यावर दाणे नक्की. हिरवं झालं तर तेवढंच थांबायचं आणि हात हलवत परत. उजवीकडेही रंग लागायचे, निळा किंवा पिवळा, पण त्यांचा दाण्यांशी काही संबंध नव्हता. थांबायचं, कधी दाणे यायचे, कधी नाही. मात्र डावीकडे पाच खेपांत एकदा पोटात काही पडायचं आणि उजवीकडे दोन खेपांत एकदा. कुठल्याही भाजीवालीने सांगितलं असतं की उजवीकडे जा.

कबुतरं डावीकडे जायची. सुरुवातीला दोन्हीकडे चोच मारून बघायची आणि मग एकेक करून सगळी डावीकडे चिकटायची. तांबडा दिवा लागला की ती अशी काही टोचत सुटायची, की जणू दाणे त्या दिव्यातच आहेत. आणि हिरवा लागला की तोंड फिरवून पेटीत उगाच फेऱ्या मारायची. आमचे प्रोफेसर म्हणायचे, पक्ष्याला दाण्यांपेक्षा दाणे येणार ही बातमी प्यारी असते, आणि वाईट बातमी तो जमेतच धरत नाही. हे ते मोठ्या कौतुकाने सांगायचे. मला त्या पक्ष्यांचा संताप यायचा. दोन बोटांच्या अंतरावर दाणे आहेत, आणि हा बावळट दिवे बघत बसलाय.

संध्याकाळी मी ट्रामने घरी यायचे तेव्हा नवरा स्वयंपाकघरात बसलेला असायचा, मोबाइल समोर ठेवून. इथली परीक्षा तो पहिल्या फटक्यात पास झाला होता. पण पास झालेले आपले डॉक्टर तेव्हा गल्लोगल्ली होते, आणि जागा थोड्या. तोवर काय, तर 'क्लिनिकल अटॅचमेंट', म्हणजे कुठल्या तरी हॉस्पिटलात कन्सल्टंटच्या पाठीमागे फुकट उभं राहायचं. नागपूरला ज्याने आख्खा वॉर्ड सांभाळला, त्याने इथे पोराच्या छातीला स्टेथोस्कोप लावायचा नाही, फक्त बघायचं. तो बघून यायचा, शूज काढायचा आणि फोनसमोर बसायचा.

हॉस्पिटलांचे फोन यायचे तेव्हा नंबर दिसत नसे. स्क्रीनवर 'प्रायव्हेट नंबर' एवढंच. हे त्या वर्षांतल्या आपल्या प्रत्येक डॉक्टरला पाठ होतं. ते दोन शब्द दिसले की नवरा उठून उभा राहायचा, घसा साफ करायचा, आणि आवाज एकदम वेगळा काढून "हॅलो, स्पीकिंग" म्हणायचा. बहुतेक वेळा विमा विकणारी बाई असायची. तरी तो तिच्याशीही अदबीने बोलायचा. फोन ठेवून माझ्याकडे बघायचाच नाही.

पण वर्षातून तीन-चार वेळा खरोखरच इंटरव्ह्यूचा फोन यायचा. आमच्याच घरात खाली आणखी एक डॉक्टर जोडपं राहायचं, कोल्हापूरचं. त्यांच्या आणि आमच्यात एक रीतच पडून गेली होती: कोणाचाही इंटरव्ह्यू आला की शिरा. नोकरी लागल्यावर नव्हे, नुसता इंटरव्ह्यू आल्यावर. देवापुढे वाटी ठेवायची, चौघांनी खायचं, आणि कुठला सूट, कुठली ट्रेन, कसे प्रश्न, यावर रंगात येऊन बोलायचं. त्या संध्याकाळी नवरा इतका देखणा दिसायचा की मला लग्न झालं तेव्हाचा तो आठवायचा. मग आठवड्याभराने "वी रिग्रेट" यायचं. त्याबद्दल घरात एक शब्द कोणी काढायचं नाही. ताटं वाढायची, जेवायचं, आणि पुन्हा फोन टेबलावर. किती रवा भाजला मी त्या वर्षांत! आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की आपण हे गोड कशाचं खातोय.

मग नागपूरहून त्याच्या सरांचा फोन आला. सर म्हणजे ज्यांच्या हाताखाली तो शिकला, ते. त्यांचं स्वतःचं हॉस्पिटल होतं आणि दसऱ्याला ते लहान मुलांचा नवा विभाग सुरू करणार होते.

"बघ, तुझ्यासाठी जागा धरून ठेवलीय," ते म्हणाले. स्पीकरवर मला सगळं ऐकू येत होतं. "पहिली दोन वर्षं रखडशील. पेशंट जमायला वेळ लागतोच. पण नंतर विभाग तुझा. दसऱ्याआधी मला हो किंवा नाही सांग, कारण नंतर मला दुसऱ्या कोणाला घ्यावं लागेल."

"हो सर, नक्की कळवतो. तुमचे उपकार आहेत, सर," नवरा म्हणाला आणि फोन पुन्हा टेबलावर ठेवला.

मला तर वाटलं, सुटलो. मी मनात सामानसुद्धा बांधायला घेतलं. पण त्याच्या चेहऱ्यावर काही उजळलं नव्हतं. दोन वर्षं रखडायचं, आणि रखडताना कोणी सांगणार नाही की आता जवळ आलं म्हणून. तिथे टेबलावर ठेवलेला फोन अचानक वाजणार नव्हता.

त्याच आठवड्यात मी त्याला प्रयोगशाळा दाखवायला घेऊन गेले. खरं सांगते, मुद्दामच नेलं. तोंडाने सांगायची माझी हिंमत नव्हती, म्हटलं पक्षीच सांगतील. एका जुन्या, करड्या कबुतराला पेटीत सोडलं आणि बारक्या खिडकीतून नवऱ्याला बघायला लावलं. हिरवं, हिरवं, हिरवं, मग तांबडं. कबुतर चोच आपटत सुटलं, दाणे खाल्ले, आणि पुन्हा डावीकडेच. उजवीकडे किती मिळतं ते मी त्याला समजावून सांगितलं.

नवरा हसला. "मूर्खच आहे गं. त्याला कोणी तरी सांगा रे!"

"सांगून कळत नाही त्याला," मी म्हणाले. "तांबडा लागला की बाकीचं सगळं विसरतो तो."

माझा आवाज जरा जास्तच सरळ लागला असावा. त्याने खिडकीवरून डोळे काढले आणि माझ्याकडे बघितलं.

"मी काय कबुतर आहे?"

"मी असं म्हटलं का?"

"म्हणायला कशाला हवं? इतक्या लांब आणलंस ते काय मला पाखरं दाखवायला?"

ट्राममध्ये तो पुढच्या सीटवर जाऊन बसला. घरी आल्यावर मात्र त्याने सगळं बाहेर काढलं. तुला बरं आहे, तुला नोकरी आहे. तुला काय माहीत हात बांधून उभं राहणं म्हणजे काय! मीही सोडलं नाही. म्हटलं, फोनच्या पाया पड रोज, म्हणजे लवकर पावेल. हे बोलायला नको होतं, पण बोलले, आणि बोलून बरं वाटलं हेही खरं आहे.

दसरा चार दिवसांवर आला आणि सकाळी चहा पिताना फोन वाजला. प्रायव्हेट नंबर. लंडनजवळ, मेडनहेडच्या बाजूच्या एका हॉस्पिटलात इंटरव्ह्यू होता, तोही ट्रेनिंगच्या जागेचा, म्हणजे पुढे कन्सल्टंट होण्याच्या रस्त्यावरचा. तारीख दसऱ्यानंतरची.

"सरांना सांग ना, आठ दिवस थांबा म्हणून," मी म्हणाले.

"अगं, ते विभाग सुरू करतायत, माझ्यासाठी मुहूर्त बदलणार का? आणि हे बघ, दे डोन्ट कॉल जस्ट एनीवन. शॉर्टलिस्ट झालोय मी." तो उभाच होता. डोळ्यांत तीच चमक.

त्याने सरांना नकार कळवला. सर चिडले नाहीत, "बरं, सुखी राहा" म्हणाले. चिडले असते तर परवडलं असतं. आणि इंटरव्ह्यूहून नवरा परत आला तो आनंदात. पॅनेलवरच्या बाईंनी बाहेर येऊन त्याला सांगितलं होतं, "यू वेअर व्हेरी, व्हेरी क्लोज." जागा दुसऱ्याला गेली होती. तोंडाला पानं पुसली होती त्या बाईने, आणि हा ती पानं मला कौतुकाने दाखवत होता. क्लोज! त्या एका शब्दावर त्याने पुढचे सहा-सात महिने काढले.

मग नियमच बदलले. बाहेरून आलेल्या डॉक्टरांना तिथल्यांच्या नंतर विचारायचं असं ठरलं, आणि नंतर असं काही उरतच नव्हतं. फोन यायचे बंद झाले. इंटरव्ह्यू नाही, रिग्रेट नाही, विम्याची बाईसुद्धा कमी झाली. खालचं कोल्हापूरचं जोडपं सामान विकून गेलं.

त्याच सुमारास आमच्या प्रयोगाचा दुसरा भाग सुरू होता. प्रोफेसरांनी डावीकडच्या रंगांचा अर्थ काढून घेतला. आता तिथेही तांबड्या-हिरव्यावरून काही कळत नव्हतं. दाणे पूर्वीइतकेच मिळत होते, फक्त बातमी मिळत नव्हती. थोड्याच दिवसांत ती अडेलतट्टू पाखरं निमूटपणे उजवीकडे गेली. मी दिवसा हे बघायचे आणि संध्याकाळी घरी नवरा जुने सूट कपाटातून काढून घड्या घालताना बघायचे. हसावं की रडावं कळायचं नाही. एके संध्याकाळी तो म्हणाला, "तिकीट काढतो." त्याला मी काही समजावलं नव्हतं. कोणीच काही समजावलं नव्हतं.

नागपूरला सरांच्या विभागात अर्थातच दुसरा बसला होता, त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी ज्युनियर. नवऱ्याला एका मोठ्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टीत नोकरी मिळाली. कोणीही येवो, टाके घालायचे आणि वर पाठवायचं. "पोरं येतात अधूनमधून," तो फोनवर म्हणायचा. "बघतो, आणि सरांकडच्या त्या ज्युनियरकडे पाठवतो."

मी पाठोपाठ जायचं हे ठरलेलंच होतं. माझं कॉन्ट्रॅक्ट उन्हाळ्यात संपत होतं. तिकीट झालं होतं, भांडी वाटून झाली होती. शेवटच्या आठवड्यात प्रोफेसर जिन्यात भेटले. हातात कॉफीचा कप होता, घाईत होते. म्हणाले, कायमची एक पोस्ट मंजूर होण्याच्या बेतात आहे, नक्की काही सांगता येत नाही, पण माझ्यापेक्षा योग्य कोण असणार, "फिंगर्स क्रॉस्ड." आणि गेले वर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नागपूरला फोन लावला. तो ड्यूटीवरून नुकताच आला होता, दमलेला.

"अरे, पोस्ट येणार आहे म्हणतात. बहुतेक माझंच नाव आहे. थोडं थांबते. ख्रिसमसपर्यंत कळेल."

पलीकडे त्याने शूज काढून ठेवल्याचा आवाज आला.

"तू तर सगळं बघत होतीस गं," तो म्हणाला. "रोज बघत होतीस."

बघत होते. तिकीट मी आदल्या दिवशीच रद्द केलं होतं.