दुसरा पंच

वडवणीत पोलीस ठाण्यासमोर दुकान असणं म्हणजे जन्माची शिक्षा. कुठं प्रेत सापडलं की पंचनाम्याला पंच म्हणून हवालदार आम्हा दोघांनाच उठवायचा: मी झेरॉक्सवाला आणि शेजारचा पंक्चरवाला. माझं डोकंच फिरायचं. शेजारी मात्र मुकाट्यानं मोटारसायकल काढायचा आणि मी त्याच्या खांद्याला धरून मागं बसायचो.

त्या वर्षी गळा आवळून मारलेल्या दोन बाया सापडल्या. दोन्ही वेळा पंच आम्हीच. खुनी एकच आहे, असं तपासाला बीडहून आलेले साहेब म्हणायचे.

तिसरीच्या वेळी आम्ही गाडी रस्त्यावर लावून साहेब आणि हवालदाराबरोबर उसात शिरलो. पुढं वाटेला दोन फाटे फुटले. शेजारी बोलता बोलता डावीकडं वळला आणि साहेब जागीच थांबले.

"प्रेत तिकडं आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी खवळलो. "अहो साहेब, वळला असेल चुकून! फुकट राबतो तुमच्यासाठी, वर संशय घेता?"

"ऱ्हाऊ दे भाऊ," शेजारी खाली बघत म्हणाला. "त्यांचं बरोबर हाय."

हवालदारानं त्याला बेड्या घातल्या. त्यानं तशाच हातांनी खिसा चाचपून किल्ली काढली आणि माझ्यापुढं धरली.

"गाडी घेऊन जा. तुला आता घरी कोण सोडणार?"