वाळूची पुरचुंडी

आमवाताने माझी बोटं वाकडी झाली तेव्हा मी डोंबिवलीहून ठाण्याला एका वैद्यांकडे जायला लागले. तिथल्या बाकावर एक कोळीण भेटायची. घट्ट कासोटा, अंबाड्यात अबोली, आणि दोन्ही हात पदराखाली. माझेही हात पदराखालीच असायचे. तेवढ्यावरून आम्ही एकमेकींचा आजार ओळखला.

गारव्यापासून हात जपत नाही म्हणून वैद्य तिला रागवायचे. ती खाली बघत ऐकून घ्यायची. एकदा मला हळूच म्हणाली, "गिऱ्हाकाला वाटते महारोग हाय. म्हनून बोटा बरफात लपवते, बाय. नायतर माझा म्हावरा कोन घेल?"

ऑफिसात मीही बोटं दारात सापडल्याचं सांगितलं होतं.

एका सकाळी नवा कंपाउंडर तव्यावर तापवलेल्या वाळूची पुरचुंडी घेऊन बाहेर आला. "आमवाताचं कोण आहे?" त्याने विचारलं. बाक भरलेला होता. मी उठले नाही, तीही उठली नाही. पुरचुंडी निवत चालली.

मग तिनेच हात बाहेर काढून ती घेतली, माझा हात पदराखालून ओढला आणि बोटांवर दाबली. "शेक गो. निवली तर दोघींच्याय कामाची नाय."

आमची वाकडी बोटं बघून शेजारच्या बाई उठून उभ्या राहिल्या. पलीकडचे गृहस्थही दाराशी गेले. माझे कान तापले.

तिने रिकाम्या बाकाकडे पाहिलं आणि पाय लांब केले. "जागा झाली बघ. बस ऐसपैस."

मी मात्र अंग चोरूनच बसले.