वसूचं इंग्रजी वाक्य

"शिकायला चाललीस, तर आधी झोपायची सोय बघ," मला परभणीला सोडताना वडील म्हणाले होते. मैत्रिणींनो, ते वाक्य आज सकाळी फार आठवलं, म्हणून महिला मंडळाच्या या फळ्यावर लिहिते आहे.

पेडगावची वसू माझ्याकडे मॅट्रिकच्या इंग्रजीसाठी येते. यंदा नापास झाली, तर घरचे तिचं लग्न लावून देणार आहेत. संध्याकाळी मी शिकवते ती शाळा सुटून शिकवणी होईपर्यंत तिची शेवटची एस.टी. निघून जाते.

आज सकाळी 'लाय' हे क्रियापद घेतलं. 'लाय' म्हणजे आडवं होणं, त्याचा भूतकाळ 'ले'. पण ठेवणं या अर्थाचं 'ले' हे क्रियापदच वेगळं, त्याचा भूतकाळ 'लेड'. इथं भलेभले चुकतात.

वसूनं स्वतःच्या मनानं वाक्य केलं, "लास्ट नाइट आय ले इन बाईज रूम." अगदी बरोबर.

दारात घरमालकीण काकू उभ्या होत्या. "काय म्हणायलीस गं?"

वसूनं सरळ अर्थ सांगितला. "काल रात्री मी बाईंच्या खोलीत झोपले."

पुस्तकातलं वाक्य आहे, असं मला म्हणता आलं असतं. वसू माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "खरं आहे, काकू."

"एक बौद्ध बाई ठेवून घेतली, तेवढं लय झालं. आता गावातल्या पोरी बी आणायलाव का?"

वसू चपला घालून निघाली.

काकू, हा फळा तुम्हीही वाचता. तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. तरी परीक्षेपर्यंत वसूला माझ्या खोलीत झोपू द्या.