मागून आलेली हाक

फ्लॉरेन्सची गोष्ट इथे जर्मनीत, इंगोलश्टाटच्या आमच्या गणपतीत सगळ्यांना पाठ आहे. मिलिंद ती दरवर्षी सांगतो. तिच्यातला माझा भाग मात्र आजवर कुणी ऐकलेला नाही — माझ्या बायकोनेही नाही. तुम्हाला सांगायला बसलोय खरा, पण सुरुवात कुठून करू?

पिशवीपासून करतो.

मिलिंद माझा मित्र, म्युनिकला पीएच.डी. करायला आलेला. मी डिप्लोमावाला, भोसरीच्या पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमधून घासत घासत इथवर पोचलो. गाड्यांच्या सुट्या भागांची खरेदी बघतो — भाव पाडणं हेच माझं काम. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं इटली बघायला निघालो. वेरोना, बोलोन्या, मग फ्लॉरेन्स. प्रत्येक चर्चसमोर तो काहीतरी समजावायला लागायचा आणि मध्येच थांबून म्हणायचा, "जाऊ दे, तुला कंटाळा येईल." मी फोटो काढायला लागायचो. विसरत मात्र नव्हतो.

फ्लॉरेन्सच्या बाजारात मी बायकोसाठी चामड्याची पिशवी ठरवत होतो. बरीच घासाघीस झाल्यावर शेवटचा डाव टाकला — वस्तू ठेवायची, पाठ फिरवायची, चालू लागायचं. मागे बघायचं नाही. हाक येतेच. मला आयुष्यभर आली आहे.

त्या दिवशी आली नाही. वळून पाहिलं, तर मिलिंद दुकानदाराला मागेल ती किंमत देत होता, आणि वर माझ्याकडे बोट दाखवून माफी मागत होता — "सॉरी, माझा मित्र असाच आहे." दोघंही हसले.

"घे, वहिनींना माझ्याकडून," पिशवी माझ्या हातात देत तो म्हणाला. "मंडई आहे का रे ही?"

आता सांगा, यात त्याचं काय चुकलं? भेट दिली त्याने. तरी माझं डोकं फिरलं होतं.

तासाभराने आम्ही मोठ्या चर्चच्या घुमटावर चढत होतो. जिना इतका अरुंद, की खांदे दोन्ही भिंतींना घासतात. मिलिंदला बंद जागेची भीती आहे — घाम फुटतो, श्वास अडकतो. ट्रेनमध्ये त्यानेच मला सांगितलं होतं. "तू पुढे राहा आणि बोलत राहा, मग जमतं मला," एवढंच मागितलं होतं.

मी पुढे होतो. बोलत नव्हतो.

मग मागून हाक आली. "थांब ना रे... अरे, थांब!" आवाज चिरका झाला होता.

मी वळलो नाही. उलट भरभर पाय उचलले.

का? पिशवीचा राग? त्या हसण्याचा? की हाक आली — शेवटी आली एकदाची — म्हणून आतून बरं वाटलं? मला आजही नीट कळत नाही. वर गेलो. लाल कौलांचे फोटो काढले. चांगले आले.

खाली उतरलो, तर तो पायरीवर बसलेला, पांढराफटक. रखवालदारांनी त्याला कसंबसं खाली आणलं होतं आणि एक अनोळखी म्हातारी त्याचा हात धरून बसली होती. त्याने मला अजून पाहिलं नव्हतं. मी आडोशाला सरलो, आणि तिथून पळत आलो — धाप लागलेली दिसावी म्हणून.

"मला वाटलं मागेच आहेस! सगळीकडे शोधलं तुला!"

त्याने मला घट्ट मिठी मारली.

तेव्हापासून गणपतीत ऐकतोय — "या माणसाने माझ्यासाठी अख्खं फ्लॉरेन्स पालथं घातलं!" लोक कौतुकाने बघतात. मी मोदक खात राहतो.

गेल्या महिन्यात त्याच्या पाठीचा एमआरआय काढायचा होता. त्या नळीत जायला तो तयारच होईना. त्याच्या बायकोचा फोन आला, "अहो भाऊजी, तुम्ही आलात तरच जाईन म्हणतायत."

गेलो. आत खुर्ची दिली मला. मिलिंदचे फक्त पाय दिसत होते. यंत्राची धडधड थांबली की नळीतून आवाज यायचा, "आहेस ना रे?"

"आहे."

"मग बोल ना काहीतरी."

बोललो. ऑफिस, टायर, घरमालक — फ्लॉरेन्स सोडून सगळं बोललो. बाहेर आल्यावर त्याने डोळे पुसले.

"तू होतास म्हणून," तो म्हणाला.

मी "हो" म्हणालो.