पाणीसुद्धा करपेल

ऑनलाइन खेळात शिवीगाळ करणाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी वाचायच्या, कुणाला ताकीद द्यायची, कुणावर बंदी घालायची, हे ताईंचं काम. पडद्यावर खेळाडूचं नाव दिसत नाही. नुसता नंबर आणि त्याने लिहिलेल्या शेवटच्या चाळीस ओळी. अकरा वर्षं हा चिखल उपसून ताईंना जरा गर्वच झाला होता. "माणूस लपतो, जीभ लपत नाही," असं त्या नव्या मुलींना ऐकवायच्या. त्यांची स्वतःची जीभही काही मऊ नव्हती, पण त्याला त्या स्पष्टवक्तेपणा म्हणत.

त्या मंगळवारी एका नवख्या खेळाडूची तक्रार आली. खेळातला पूल राखायचा सोडून तो भलतीकडे गेला, गट हरला, आणि गटातल्या एकाने त्याला सोलून काढलं. "डोळे आहेत की शर्टाची बटणं?" ताईंना हसू आलं. पुढची ओळ होती, "तुझ्या भरवशावर राहिलं तर पाणीसुद्धा करपेल."

ताईंनी ती ओळ पुन्हा वाचली. हे वाक्य त्यांचं होतं. नवरा निवृत्त होऊन घरी बसल्यापासून त्या रोज त्याला हेच ऐकवत. बिचारा तोंडातून ब्र न काढता खोलीत जाऊन हाच खेळ खेळत बसायचा. त्यांनी भराभर पुढे वाचलं. बटणंही त्यांचीच होती. चाळीसच्या चाळीस ओळी त्यांच्याच.

ओळखीच्या माणसाविरुद्धची तक्रार दुसऱ्याकडे सोपवायची, असा नियम. साध्या ताकिदीवर मिटवलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण ताईंनी ती शेजारच्या टेबलावरच्या मुलीला पाठवली.

तिने वाचून कपाळाला हात लावला. "काय जहरी जीभ आहे हो, ताई! याच्या घरचे कसे दिवस काढत असतील?" आणि सात दिवसांची बंदी ठोकून मोकळी झाली. ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी घरी आल्या तर दूध उतू जाऊन शेगडीभर सांडलेलं, आणि नवरा पडेल चेहऱ्याने ओट्यापाशी उभा. ताई फडकं घेऊन मुकाट्याने पुसायला लागल्या.

तो वाट बघत राहिला. शेवटी त्याच्याच्याने राहवेना. "अगं, बोल ना एकदाचं. पाणीसुद्धा करपेल, म्हण."

ताईंनी फडकं पिळलं. "नाही म्हणणार. सात दिवस मलाही बंदी आहे."