रिपोर्टातली तिसरी ओळ

वडिलांची सोनोग्राफी मुतखड्यासाठी केली होती. वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात तीस वर्षं माल उतरवून घेण्याचं काम, दिवसाला दोन बंडल विड्या, आणि डॉक्टरचं नाव काढलं की कपाळाला आठ्या. रिपोर्ट मीच आणला, ऑटोत बसून वाचला. तिसऱ्या ओळीत होतं, पोटातली महाधमनी फुगलेली, साडेपाच सेंटिमीटर. मी शाळेत विज्ञान शिकवते. हृदयातून निघणारी ती जाड नळी दरवर्षी फळ्यावर काढते. मला कळायला हवं होतं.

डॉक्टरांनी फक्त शेवटची ओळ वाचली. "खडा लहान आहे, पाणी पीत राहा." त्यांनी सगळं पाहिलंच असेल, असं मी धरून चालले.

चार महिन्यांनी वडील म्हणाले, "पोटात काईतरी धडधड करून राहिलं वं." मी हात ठेवला. बेंबीच्या जरा वर, नाडीसारखंच, पण केवढ्या जोरानं! त्याच डॉक्टरांनी गॅसची गोळी दिली.

पुढच्याच आठवड्यात दुपारी जेवताना त्यांच्या पोटातून पाठीत कळ गेली. घामानं बनियन भिजलं. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत ते बेशुद्ध होते. धमनी फुटली होती. सर्जनांनी जुना रिपोर्ट पाहिला, मग माझ्याकडे. "हे तर तेव्हाच दिसलं होतं. वेळेवर आणलं असतं, तर ठरवून ऑपरेशन केलं असतं."

वडील ऑपरेशनच्या टेबलावरच गेले. आई तेव्हा बाहेर बाकावर होती. सर्जन काय म्हणाले, हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही.

सर्जनांनीच बजावलं होतं, हे रक्ताच्या नात्यात असू शकतं, सख्ख्या भावंडांची आणि मुलांची तपासणी करून घ्या. माझी ठीक निघाली. मौद्याच्या काकांना मी अक्षरशः ओढत नेलं. त्यांचीही धमनी फुगलेली. जांघेतून आत एक जाळीची नळी बसवली, चौथ्या दिवशी ते घरी गेले.

महिनाभरानं काका-काकू पेढे घेऊन आले. "दादा जाता जाता मले वाचवून गेला वं," म्हणत काका रडले. आईनं डबा उघडलाही नाही, काकूंपुढे परत सरकवला.

"मंग ह्यायले काहून नाही वाचवलं कोणी?"

काकूंनी डबा पिशवीत टाकला, चहा न घेताच दोघं उठले. आता काकांचा फोन आला की आई मोबाइल पालथा ठेवते. मीही उचलत नाही.